पोलीस ठाण्यातले पोलीस जातात कुठे?

घरफोडीची तक्रार दिलेला माणूस आठवड्याभरानं ठाण्यात चौकशीला गेला, की हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं: "तपासी अंमलदार बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." उद्या गेलं तर कळतं, कालचा बंदोबस्त रात्री उशिरा सुटला म्हणून आज त्यांना सुट्टी आहे. परवा त्यांची कोर्टात साक्ष आहे. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते, आणि कधी कधी ती असतेही. पण बऱ्याचदा समोरचा ठाणे अंमलदार अगदी खरं सांगत असतो.

मनुष्यबळाच्या वाटणीचा विषय निघाला, की बोट लगेच नेत्याच्या मागे सफारी घालून उभ्या असलेल्या पोलिसाकडे जातं. तो दिसतो ना! पण हिशेब मांडायला बसलं की लक्षात येतं, हा दिसणारा पोलीस एकूण खर्चातला लहान भाग आहे. मोठी गळती आहे ती दौऱ्यांच्या, सभांच्या, रस्त्यावरच्या पॉइंटच्या बंदोबस्तात, आणि ती कुठल्याच तक्त्यात नीट येत नाही.

आकडे, आणि आकड्यांची गोम

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पोलीस' हा राज्यसूचीतला विषय आहे. भरती, पगार, बदल्या, कोण कुठे उभा राहणार, हे सगळं राज्य ठरवतं. देशभराची बेरीज मांडण्याचं काम केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला पोलीस संशोधन आणि विकास ब्युरो करतो. त्याच्या आकडेवारीनुसार १ जानेवारी २०२० रोजी देशात पोलिसांची मंजूर पदं होती सुमारे २६ लाख २३ हजार आणि प्रत्यक्षात पोलीस होते सुमारे २० लाख ९१ हजार. पाचातली एक जागा रिकामी. लाख लोकसंख्येमागे कागदावर १९५ पोलीस, रस्त्यावर १५६ च्या आसपास.

याच ब्युरोचा २०१६ चा एक तक्ता खूप गाजला. त्या वर्षी देशात २०,८२८ 'अतिमहत्त्वाच्या' व्यक्तींच्या संरक्षणाला ५६,९४४ पोलीस तैनात होते, म्हणजे एका व्यक्तीमागे सरासरी पावणेतीन. त्याच वेळी ६६३ सामान्य नागरिकांमागे एक पोलीस होता. बातम्यांचे मथळे या दोन आकड्यांना शेजारी बसवून झाले. राग येण्यासारखीच तुलना आहे, पण ती फसवी आहे. ५६,९४४ ही संख्या तेव्हाच्या एकूण पोलीस बळाच्या तीन टक्क्यांच्या जवळपास येते. उद्या हे सगळे अंगरक्षक काढून ठाण्यांत पाठवले, तरी ६६३ चा आकडा फार तर साडेसहाशेच्या आत-बाहेर येईल. रिकाम्या पदांचा खड्डा पाच लाखांचा असताना अंगरक्षक कमी करून तपास सुधारेल म्हणणं म्हणजे दात कोरून पोट भरण्याची गोष्ट आहे.

मग हा प्रश्नच खोटा का? नाही. तक्त्याचं शीर्षक नीट वाचलं की गोम कळते. त्यात मोजलेत ते मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश, सनदी अधिकारी वगैरे, ज्यांना वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ संरक्षण होतं. एका दिवसाच्या दौऱ्यासाठी रस्त्यावर उतरवलेले हजार पोलीस या तक्त्यात कुठेच नाहीत. ताफ्यासाठी चौक रोखून धरणारा वाहतूक पोलीस नाही, सभेच्या मैदानावर सकाळी सातपासून उभी असलेली महिला शिपाई नाही.

शिवाय प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीनं मोजतं. त्याच तक्त्यात दिल्लीत ४८९ व्यक्तींना ७,४२० पोलीस होते, तर महाराष्ट्रात फक्त ७४ व्यक्तींना ९६१. महाराष्ट्रात ७४! राज्याचं मंत्रिमंडळ, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि धमक्या आलेले मुंबईतले लोक एवढे धरले तरी हा आकडा कुठल्या कुठे जायला हवा. तेव्हा राज्याराज्यांची तुलना करताना मी तरी हा तक्ता हात राखूनच वापरीन.

त्यातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. २०१९ मध्ये संरक्षित व्यक्तींची संख्या घटून १९,४६७ झाली होती, पण त्यांच्यासाठी तैनात पोलीस वाढून ६६,०४३ झाले होते. या कामासाठी मंजूर पदं होती साडेत्रेचाळीस हजारांच्या आसपास. वरचे बावीस-साडेबावीस हजार आले कुठून? आकाशातून पडत नाहीत. जिल्हा मुख्यालयातून, सशस्त्र दलातून आणि शेवटी ठाण्यातूनच ते उचललेले असतात. त्यांचा पगार एका खात्यावर पडतो आणि ड्युटी दुसरीकडे होते. मंजूर आणि तैनात यांच्यातलं हे अंतर मला व्यक्तींच्या संख्येपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

एका जागेला किती माणसं लागतात?

'बंगल्यावर एक पोलीस ठेवला' असं आपण सहज म्हणतो. त्या एका पोलिसाचा खर्च किती, हे बोटांवर मोजता येतं. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ४८ तास काम करतो. १६८ ला ४८ नं भागलं की साडेतीन. त्यात हक्काची रजा, आजारपण, गोळीबाराचा सराव आणि प्रशिक्षण धरा. एक जागा चोवीस तास, वर्षभर भरलेली ठेवायची तर साडेचार ते पाच माणसं लागतात. दोन पोलीस उभे दिसले की पगारावर नऊ-दहा आहेत असं समजावं.

एवढी माणसं कुणाकडेच नसतात. मग खातं एकच उपाय करतं: ड्युटी लांबवतं. पाळी बारा तासांची केली की तीच जागा तीन माणसांत भागते. साप्ताहिक सुट्टी बंद केली की त्याहून कमी माणसांत. म्हणजे माणसांचा तुटवडा तासांनी भरून काढला जातो आणि तो कुठल्याही अहवालात तुटवडा म्हणून दिसत नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत पोलिसांच्या कामाची सरासरी दिवसाला १४ तास निघाली होती, आणि जवळपास निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो शहरभर नेला गेला. त्याचं कौतुक झालं ते योग्यच. पण दोन पाळ्यांच्या तीन केल्या की प्रत्येक पाळीत माणसं कमी येतात, आणि मोठा बंदोबस्त लागला की आठ तासांची मर्यादा पहिली मोडते.

सुरक्षेच्या श्रेणींचा हिशेबही यातूनच समजतो. एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस या चढत्या श्रेणी. ढोबळ आकडे सांगायचे तर एक्सला दोन, वायला आठ, वाय प्लसला अकरा, झेडला बावीस आणि झेड प्लसला पंचावन्नच्या आसपास माणसं. यांत पाळ्या धरलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतात त्याहून बरीच कमी. व्यक्तीनुसार आणि राज्यानुसार संख्या बदलते. या श्रेणी कुठल्या कायद्यात लिहिलेल्या नाहीत. गृह मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांचं एक पुस्तक आहे, त्यावर त्या चालतात. कायदा आहे तो फक्त पंतप्रधानांच्या एसपीजीला, म्हणजे विशेष संरक्षण दलाला. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८५ मध्ये हे दल उभं राहिलं, १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते पंतप्रधान, त्यांच्यासोबत राहणारे जवळचे कुटुंबीय आणि पद सोडल्यापासून पाच वर्षांपर्यंत माजी पंतप्रधान व त्यांच्यासोबत राहणारे कुटुंबीय एवढ्यांपुरतं मर्यादित झालं.

संरक्षण मिळतं दोन कारणांनी. एक पदामुळे: राज्यपाल, मुख्यमंत्री, न्यायमूर्ती. दुसरं धोक्यामुळे: गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, धमकीची फिर्याद, त्यावर समितीचा निर्णय. पदाचं संरक्षण पद गेलं की जायला हवं, धोक्याचं धोका टळला की. प्रत्यक्षात दोन्ही चिकटून राहतात. कारण संरक्षण द्यायला एक सही पुरते, आणि काढायला मात्र कुणाला तरी लिहून द्यावं लागतं की 'यांना आता धोका नाही.' उद्या काही घडलंच तर तो कागद कुणाच्या गळ्यात पडेल, हे सही करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पंजाबात हे अगदी उघड्यावर घडलं. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं ४२४ जणांची सुरक्षा काढली किंवा कमी केली. दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, गायक सिद्धू मूसेवाला यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या चार पोलिसांपैकी दोन काढले होते. उरलेले दोघे त्या दिवशी त्यांनी सोबत नेले नव्हते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि काढलेली सुरक्षा परत द्यावी लागली. ४२४ पैकी किती जणांना खरंच गरज होती, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडला. पुढच्या वेळी असा आढावा घेणारा अधिकारी दहादा विचार करणार, हे सांगायला नको.

महाराष्ट्रात या आढाव्याला वेगळाच रंग आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं देवेंद्र फडणवीस, राज ठाकरे आणि भाजपच्या काही नेत्यांची सुरक्षा कमी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिंदे सरकारनं आघाडीच्या २५ नेत्यांची वर्गीकृत सुरक्षा काढली. दोन्ही वेळा सांगण्यात आलं की समितीनं धोक्याचा आढावा घेतला. सत्ता बदलली की धोकाही नेमका पक्ष बघून बदलतो, यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अंगरक्षक म्हणजे सगळी उधळपट्टी, असंही नाही. साक्षीदार, आंतरजातीय लग्न केलेली जोडपी, खंडणीच्या धमक्या आलेले लोक यांना संरक्षण लागतंच. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. महाराष्ट्रानं त्यासाठी २०१७ मध्येच कायदा केला होता. आणि सोबत एक पोलीस असला म्हणजे माणूस वाचतोच असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा पोलीस अंगरक्षक त्यांच्याबरोबर होता. एकटा अंगरक्षक भुरट्यांना आणि गर्दीला थोपवतो. ठरवून, पाळत ठेवून आलेल्या मारेकऱ्यांना थोपवायचं तर आधी त्यांच्या टोळीपर्यंत पोचावं लागतं, आणि ते काम तपासाचं आहे.

दौऱ्याचा दिवस

आता न मोजल्या जाणाऱ्या भागाकडे येऊ. समजा, तालुक्याच्या गावातलं एक ठाणं आहे. मंजूर पदं साठ, हजर पंचेचाळीस. ठाण्यात 'हजेरी मास्तर' म्हणून एक अंमलदार असतो. कुणाला कुठली ड्युटी लावायची याचा तक्ता तो करतो, आणि ठाण्याचं खरं अर्थशास्त्र त्याच्या वहीत असतं. पंचेचाळीसमधून तो आधी वजाबाकी करतो. रजेवर आणि आजारी चार. प्रशिक्षणाला आणि मुख्यालयाला संलग्न तीन. रात्रपाळी करून सुटलेले सहा. ठाणे अंमलदार, वायरलेस, संगणक, कोठडी पहारा यांना सात. कोर्ट पैरवी आणि समन्स-वॉरंट बजावणीला चार. आरोपी रुग्णालयात किंवा तुरुंगात नेणाऱ्या पार्टीला दोन. गोपनीय, पासपोर्ट पडताळणी, मुद्देमाल यांना तीन. गाडीवर चालक आणि बीट मार्शल चार. उरले बारा. फौजदार धरून बारा! हाच त्या दिवशीचा तपास आणि हीच गस्त.

आदल्या संध्याकाळी मंत्र्यांचा दौरा कार्यक्रम येतो: हेलिपॅड, विश्रामगृह, एका इमारतीचं उद्घाटन, एका कार्यकर्त्याच्या घरी भेट, मग सभा. हेलिपॅडला माणसं, दोन ठिकाणांमधल्या प्रत्येक चौकाला पॉइंट, विश्रामगृहाला गार्ड, ताफ्यापुढे पायलट आणि मागे एस्कॉर्ट, सभेच्या जागी आतला आणि बाहेरचा घेरा, वाहनतळ. काळे झेंडे दाखवण्याची शक्यता असलेल्यांना नोटिसा द्यायच्या (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून '१४९ ची नोटीस' म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८), काहींना सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवायचं. त्यासाठीही माणसं लागतात. शेजारच्या ठाण्यांतून कुमक मागवतात. म्हणजे त्या दिवशी एका ठाण्याचा नव्हे, पाच-सहा ठाण्यांचा तपास थांबतो. मंत्री अकराला येणार म्हणून पॉइंटवर आठला उभं राहायचं. मंत्री येतात दोनला. कार्यकर्त्याच्या घरची भेट लांबते. सभा सुटून मैदान रिकामं होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. दिवसाची नोंद स्टेशन डायरीत होते: 'बंदोबस्त शांततेत पार पडला.' त्यासाठी किती माणसांचे किती तास गेले, याची बेरीज वर्षाअखेरीस कुणी मागत नाही.

केंद्रीय दलाचं संरक्षण असलेली व्यक्ती आली म्हणून यातून सुटका होते, असंही नाही. २०२४ मध्ये केंद्रानं एनएसजीच्या ब्लॅक कॅट कमांडोंना व्यक्तींच्या सुरक्षेतून मोकळं करून ते काम सीआरपीएफकडे सोपवायचं ठरवलं. एनएसजीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, ते दल दहशतवादविरोधी कारवाईसाठी आहे. स्थानिक ठाण्याला मात्र त्यानं काही फरक पडत नाही. केंद्रीय दल त्या व्यक्तीभोवतीचं कडं सांभाळतं. रस्ता, गर्दी, इमारतींची गच्ची, मार्गाची तपासणी हे सगळं स्थानिक पोलिसांकडेच राहतं. कडं कुणाचंही असो, चौकात उन्हात उभा असतो तो जिल्ह्याचाच शिपाई.

यात नेत्यांचे दौरे आणि लोकांचे उत्सव यांची सरमिसळ करू नये. आषाढी वारी, गणेशोत्सव, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचं कोरेगाव भीमा, इथला बंदोबस्त लाखो सामान्य माणसांच्या सुरक्षेसाठी असतो. तो पोलिसांच्या मूळ कामातलाच भाग आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचं काय म्हणावं, याबद्दल माझं मत थोडं डळमळीत आहे: अधिवेशन व्हायला हवं, मोर्चेही निघायला हवेत, पण राज्यभरातून पोलीस नेऊन तिथे ठेवताना मागे राहिलेल्या ठाण्यांचं काय, हा प्रश्न विधिमंडळात फारसा येत नाही.

कापला जातो तो तपासच

बंदोबस्ताला माणसं कमी पडली की ती तपासातूनच का काढली जातात? गार्डवरचा माणूस हलवता येत नाही. जागा रिकामी दिसेल. कोठडीवरचा हलवता येत नाही. वायरलेसवरचा नाही. तपासी अधिकाऱ्याचं टेबल मात्र एक दिवस रिकामं राहिलं तर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तपास 'उद्या' करता येतो, असा सगळ्यांचा समज असतो.

तो समजच महागात पडतो. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे पहिल्या काही तासांत गोठवले तरच परत मिळण्याची आशा असते. १९३० ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. साक्षीदार दुसऱ्या दिवशी जे सांगतो ते महिन्याभरानं सांगत नाही. आणि कायद्यात घड्याळही आहे. आरोपी कोठडीत असेल तर गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतरांत ६० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही पक्का असो. त्या नव्वदात तपासी फौजदाराचे वीस-पंचवीस दिवस बंदोबस्तात गेले, म्हणून घड्याळ थांबत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितांनी तपासाचं काम वाढवलंय. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी न्यायचं (हे राज्यांनी टप्प्याटप्प्यानं आणायचं आहे), तक्रारदाराला ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवायची. तरतुदी चांगल्याच आहेत. पण काम वाढलं आणि करणारे हात तेच राहिले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. शिवाय हे हात सुटे बदलता येत नाहीत. गंभीर गुन्ह्याचा तपास प्रामुख्यानं फौजदार आणि त्यावरचे अधिकारी करतात. त्यामुळे बंदोबस्ताला दहा शिपाई गेले यापेक्षा एक फौजदार गेला, हे तपासाला जास्त जाणवतं. आणि बंदोबस्ताला सेक्टर प्रमुख म्हणून नेमका फौजदारच लागतो.

यावरचा औषधोपचार नवा नाही. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ रोजी जे सात निर्देश दिले, त्यांतला एक असा, की तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस वेगळे करा, सुरुवात दहा लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांपासून करा. कागदावर हे बऱ्याच ठिकाणी झालं. एका ठाण्यात गुन्ह्यांचा निरीक्षक वेगळा, प्रशासनाचा वेगळा. गुन्हे प्रकटीकरण पथक, ज्याला सगळे 'डीबी' म्हणतात, ते वेगळं. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा वेगळी. पण 'उपलब्ध सर्व मनुष्यबळ' असा बिनतारी संदेश आला की भिंत कोसळते आणि डीबीची पोरंही पॉइंटवर दिसतात.

याचं मूळ कारण मला शिक्षेच्या हिशेबात दिसतं. ५ जानेवारी २०२२ रोजी पंजाबात फिरोजपूरजवळ पंतप्रधानांचा ताफा उड्डाणपुलावर पंधरा-वीस मिनिटं अडकला. सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांची समिती नेमली, आणि पुरेसं बळ हाताशी असूनही जिल्हा पोलीसप्रमुखांनी कर्तव्य पार पाडलं नाही, असा निष्कर्ष आला. ही घटना गंभीर होती आणि जबाबदारी ठरायलाच हवी होती. पण जिल्ह्यात बसलेल्या अधिकाऱ्यानं यातून काय धडा घेतला असेल? बंदोबस्तात पन्नास माणसं जास्त लावली म्हणून आजवर कुणाचं निलंबन झालेलं नाही. पाच कमी लावली आणि कुणी काळा झेंडा घेऊन गाडीपुढे आला, तर संध्याकाळपर्यंत बदलीचा आदेश निघू शकतो. उलट बाजूला, घरफोडीचे चाळीस तपास प्रलंबित राहिले, तर गुन्हे आढावा बैठकीत चार शब्द ऐकून घ्यावे लागतात, एवढंच. शहाणा माणूस माणसं कुठे लावेल, हे वेगळं सांगायची गरज आहे?

खात्यानं पर्याय शोधले नाहीत असं नाही. महाराष्ट्रात राज्य राखीव पोलीस दल आहे, होमगार्ड आहेत, २०१० च्या कायद्यानं आलेलं राज्य सुरक्षा महामंडळ आहे, जे पैसे घेऊन आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवतं. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांत माणसं इतकी कमी पडली, की याच महामंडळाचे ३,००० रक्षक अकरा महिन्यांसाठी घ्यायचा निर्णय झाला. त्यावर 'कंत्राटी पोलीस' म्हणून टीकेची झोड उठली. टीका समजण्यासारखी आहे. ज्याला अटकेचे अधिकार नाहीत, त्याला लोक पोलीस समजणार, हा धोका खराच. पण रिकाम्या इमारतीच्या फाटकावर उभं राहायला पूर्ण प्रशिक्षित पोलीस कशाला हवा, हा प्रश्नही त्याच वेळी विचारायला हवा होता. उभ्या पहाऱ्याचं काम दुसऱ्याकडे देता येतं. तपासाचं देता येत नाही.

ज्यांना परवडतं त्यांच्याकडून संरक्षणाचे पैसे घेण्याची पद्धतही आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये मुकेश अंबानी यांच्या कुटुंबाला झेड प्लस सुरक्षा द्यायला सांगितलं ते 'खर्च त्यांनीच करायचा' या अटीवर. पैशांनी तिजोरी भरते हे ठीक, पण प्रशिक्षित माणूस तर गेलाच. पैसे भरले म्हणून दुसऱ्या दिवशी नवा फौजदार तयार होत नाही.

अधिकाऱ्यांच्या घरी भाजी आणणारे, कुत्रं फिरवणारे 'ऑर्डरली' हा अजून एक कोपरा. तमिळनाडूनं ही प्रथा १९७९ मध्येच कागदावर बंद केली होती, आणि २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ती पुन्हा एकदा बंद करायला सांगावं लागलं. बाकी काही बोलण्याची गरज नाही.

नागरिकाला काय विचारता येईल

माहिती अधिकारात 'अमुक नेत्याला किती पोलीस?' असं विचारलं तर उत्तर बहुधा मिळत नाही. जिवाला धोका होईल अशी माहिती कलम ८(१)(छ) नुसार नाकारता येते. नावं सोडून द्यावीत. आपल्या ठाण्यातली मंजूर पदं किती, हजर किती, दुसरीकडे संलग्न किती, गेल्या वर्षी ठाण्याबाहेरच्या बंदोबस्ताला किती मनुष्यदिवस दिले, आणि एका तपासी अधिकाऱ्याकडे सरासरी किती गुन्हे प्रलंबित आहेत, हे विचारावं. यातल्या पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर मिळतं. चौथ्याला अनेकदा 'अशी माहिती संकलित केली जात नाही' असं येतं. ते लेखी आलेलं उत्तर जपून ठेवावं, कारण आमदाराला विधिमंडळात प्रश्न लावायला ते उपयोगी पडतं.

स्वतःच्या तक्रारीपुरतं बोलायचं तर 'साहेब बंदोबस्ताला आहेत' हे गुन्हा नोंदवून न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर, प्रभारी अधिकारी नसतील तर, ठाण्यात हजर असलेल्यांत हुद्द्यानं त्यांच्या खालोखाल आणि शिपायाहून वरचा जो असेल त्यानं प्रभारी म्हणून घ्यायची असते. ती ऑनलाइन पाठवली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयात असाल तर उपायुक्तांना, लेखी कळवता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. नोंद झाल्यावर तपासी अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर त्याच दिवशी मागून घ्यावा. आणि जवळपास कॅमेरा असेल तर ठाण्याची वाट न पाहता त्या दुकानदाराला किंवा सोसायटीच्या सचिवाला त्या वेळेचं चित्रण वेगळं काढून ठेवायला सांगावं, तसं सांगितल्याचं ठाण्याला लेखी द्यावं, आणि त्या पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.